मायनं तुलाच सांगितलं

वसमत, ११ ऑगस्ट २०२४

सपना,

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर तू इतकं गोड बोलतेस की माझं भांडण तिथल्या तिथं विरघळतं आणि फोन ठेवला की पुन्हा अंगात शिरतं. या वेळी मला भांडण पुरं करायचं आहे, म्हणून पत्र लिहायला बसले.

काल दुकानात राखीचे ब्लाउज न्यायला बायका आल्या होत्या. मी मशीनवर काज-बटणाचं काम उरकत होते. कुरुंद्याच्या पार्वतीबाई बाकड्यावर बसून फोनमध्ये काहीतरी ऐकत होत्या. दोरा तुटला म्हणून मशीन थांबवलं, तर दुकानात तुझा आवाज. "माझी माय भागूबाई. तिच्या छातीत गाठ होती. ती कुणालाच बोलली नाही."

पार्वतीबाईंनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "पंचशीलाबाई, काय बोलती वो तुमची बहीण! माय कशी समोर उभी केली बगा."

माझी माय माझ्याच दुकानात दुसऱ्याच्या फोनमधून उभी राहिली, आणि उभी केली कुणी, तर तू.

बायकांना जागं करायला तू आणि तुझ्या संस्थेनं ॲप काढलंत, चांगलं केलंत. छातीच्या कॅन्सरचं बायका लाजून बोलत नाहीत, हे मला नव्यानं सांगू नकोस, रोज टेप घेऊन मी त्यांच्या अंगाशी असते. पण मायची गोष्ट त्यात घालायला तुला कुणी सांगितलं? मला विचारलंस? "तिच्या जखमेला वास येऊ लागला तेव्हा आम्हाला कळलं," असं तू म्हणतेस. आम्हाला म्हणजे कुणाला गं? वास मला आला होता. कडुलिंबाचा पाला मी उकळत होते. बाळंतपणाला माहेरी आले ती दीड वर्ष तिथंच राहिले, एका काखेत प्रतिक्षा आणि दुसऱ्या हातात मायची कूस बदलणं. तू नांदेडला वसतिगृहात होतीस. शेवटचा निरोप मिळून तू पोचलीस तेव्हा तिला आंघोळ घालून झाली होती.

आता जिल्ह्याच्या कार्यक्रमात तुझा सत्कार झाला. पेपरातला फोटो प्रतिक्षानं कापून माझ्या आरशावर चिकटवलाय. भांग पाडायला उभी राहिले की तू हार घालून माझ्याकडं बघतेस.

ती गोष्ट काढून टाक. एवढंच म्हणायचं होतं.

पंचशीला


वसमत, २ सप्टेंबर

सपना,

तुझं पत्र मिळालं. सोबत स्टिकरांचा गठ्ठाही मिळाला. "ताई, आमच्या सभेला येतात त्यापेक्षा जास्त बायका तुझ्या दुकानात येतात, तेवढं दारावर चिकटव." धन्य आहेस. मी म्हणते गोष्ट काढ, तू म्हणतेस स्टिकर लाव.

मी लावलं नाही. प्रतिक्षानं लावलं, कॉलेजला जाता जाता, शटरच्या बराबर मधोमध. मी नखानं खरवडून काढायला गेले तर अर्धंच निघालं. आता त्यावर एका बाईचं अर्धं तोंड उरलंय आणि गिऱ्हाईक मला विचारतं, हे काय आहे वो. मग सांगावं लागतं. म्हणजे तुझं काम मीच करून राहिले.

भीमराज म्हणतो, "काहून जळती? तुझीच बहीण हाय ना?" डेपोतून आला की हात धुता धुता असं काहीतरी बोलतो आणि मोकळा होतो. बहीण आहे म्हणूनच जळते, हे नवऱ्याला काय सांगायचं. परक्या बाईवर कुणी एवढं जळतं का?

आता एक सांगते, हसू नकोस. तुझं ॲप मी माझ्या फोनमध्ये घेतलंय, चुका काढायला.

चुका सापडल्या. माय ओव्या म्हणत दळण दळायची, असं तू म्हणतेस. आपल्या घरात जातं कधी होतं? पीठ गिरणीतून यायचं आणि डोक्यावर डबा घेऊन मी जायची. मायचा आवाज तर असा घोगरा होता की तिनं गाणं म्हटलं असतं तर कोंबड्या पळाल्या असत्या. तुला सभेसाठी गोड माय पाहिजे होती म्हणून तू गोड केलीस. माझी माय शिव्या देणारी होती.

आणि ते प्रश्न. वय किती, पाळी कधी सुरू झाली, पहिलं लेकरू कितव्या वर्षी, दूध किती दिवस पाजलं. मग विचारतं, आई, बहीण, मुलगी यांच्यापैकी कुणाला हा आजार झाला होता का? मी "नाही" दाबलं. तुझ्या ॲपला काहून सांगू? मग भाजी फोडणीला टाकली आणि मायला नाकारल्यासारखं वाटलं. परत उघडून "हो" दाबलं. लगेच तुझा आवाज आला, "ताई, घाबरू नका. धोका आहे म्हणजे आजार आहे असं नाही. पण तुम्ही डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या."

ताई! वसमतपासून सेनगावपर्यंत जी फोन उघडेल ती तुझी ताई. जन्मापासून ताई मी एकटी होते गं. ते नावही वाटून टाकलंस.

तपासायला जाणार नाही. मला काही झालेलं नाही.

पंचशीला


वसमत, ३० सप्टेंबर

सपना,

काल आपल्या माहेरी, कुरुंद्याच्या विहारात, तुझ्या सभेला मी होते. तू पाहिलंस की नाही मला माहीत नाही. दाराशी, चपलांच्या ढिगापाशी बसले होते, डोक्यावरून पदर घेऊन. पार्वतीबाईंना वचन दिलं होतं म्हणून आले, असं त्यांना सांगितलं. खरं तर तुला बोलताना बघायचं होतं. कुठं चुकतेस ते बघायचं होतं.

तू चुकत नाहीस. मला हे लिहिताना तकलीफ होते पण तू छान बोलतेस. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या, ज्या आपल्याला नावं ठेवायच्या, त्या तुझ्यासमोर पोरींसारख्या बसल्या होत्या. तू कापसाच्या गाठी भरलेली ती रबराची छाती हातोहात फिरवलीस, बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग हसायच्या थांबल्या. ॲप कसं उघडायचं, तपासायचं कसं, सगळं सांगितलंस. मग मायची गोष्ट लावलीस.

ती संपली आणि आपल्या शेजारची थोरली काकू उठली. काठी टेकत म्हणाली, "सपने, तुझी माय माझ्या भिंतीला भिंत लावून राहिली. मला बी कदी बोलली न्हाई. खरंच कुनालाच बोलली न्हाई का गं ती?"

तू मान खाली घालून फोन बंद केलास. बायकांना वाटलं तुला रडू येतंय. मला माहीत होतं, तू रडणार असलीस की आधी नाक ओढतेस. तू नाक ओढलं नव्हतं.

मग म्हणालीस, "मला बोलली होती, काकू. मी अकरावीला होते. दसऱ्याच्या सुट्टीत आले होते. तिनं माझा हात धरला आणि गाठीवर ठेवला. म्हणाली, कुणाला सांगशील तर माझ्या मेल्या तोंडाची शपथ. मी सांगितलं नाही. फोनमध्ये मी तुम्हाला खोटं सांगते."

मी उठले. डाव्या पायात उजवी चप्पल घालून फाट्यापर्यंत चालत गेले. बस लागलेलीच होती.

सपना, त्या दसऱ्याला मी त्या घरात होते. आठ महिने भरले होते. रोज सकाळी माय मला पाटावर बसवून पोटाला तेल लावायची. वाकायची तेव्हा तिचा श्वास माझ्या कपाळाला लागायचा. म्हणजे ती गाठ माझ्यापासून वीतभर लांब होती. आणि तिनं वाट बघितली तुझी. नांदेडहून सुट्टीला येणाऱ्या पोरीची.

तू गप्प बसलीस याचा मला राग नाही. सोळा वर्षांचं लेकरू, त्याच्यावर मायनं शपथ घातलेली, ते काय करणार. लोक तुला त्यावरून बोलले तर मी त्यांची जीभ उपटीन. माझा राग वेगळा आहे. अठरा वर्षं मला एकच गोष्ट पुरली होती. शिक्षण तुला मिळालं, आवाज तुला मिळाला, मनासारखा नवरा तुला मिळाला, पण माय माझी होती. शेवटची माय माझी होती. तिचं हागणं-मुतणं काढलं, ती मला मिळाली, असा माझा हिशेब होता.

काल कळलं, तीही तुझीच होती.

पत्राला उत्तर देऊ नकोस.

पंचशीला


वसमत, २० ऑक्टोबर

सपना,

उत्तर देऊ नकोस म्हटलं होतं, तू घरीच आलीस. मी घरात नाही असं प्रतिक्षानं तुला सांगितलं ना? मी आतल्या खोलीत होते. तुझं बोलणं सगळं ऐकलं. तू प्रतिक्षाला काही सांगितलं नाहीस, फक्त कपाटावर पत्र ठेवून गेलीस. तुझं माझ्या पोरीशी हसणं मात्र ऐकवत नव्हतं. माझ्याशी ती अशी हसत नाही. माझ्याशी ती फक्त "हां, हां, करते" एवढंच म्हणते.

पत्र वाचलं. माय म्हणाली होती, "पंचीला सांगू नको. तिचं पोट हाय. ती जेवन सोडंल, लेकरू वाळंल." हे तू इतकी वर्षं सांगितलं नाहीस, कारण मग मला वाटलं असतं की माझ्यामुळं, माझ्या बाळंतपणामुळं ती बोलली नाही. म्हणजे मायनं मला जपलं, आणि मग तूही मला जपलंस. दोघींनी मिळून मला गवताच्या पेंढीत ठेवलेल्या अंड्यासारखं जपलं.

तुला काय वाटलं, हे वाचून माझं मन निवेल? मायनं मला जपलं आणि तुझ्यावर भरवसा टाकला. या दोन्हींतलं मला दुसरं पाहिजे होतं, सपना. मी जेवण सोडलं नसतं. मी तिला पहिल्या बसनं नांदेडला नेलं असतं, पोट घेऊन.

जाऊ दे.

एक विचारायचं होतं, असंच. दुकानात एक बाई येते. चाळिशीची आहे. तिला डाव्या बाजूला, काखेच्या अंगाला, गाठ लागते म्हणते. हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी. दुखत नाही. बोटाखाली सरकत नाही. पाळी येऊन गेली तरी गेली नाही. ॲपमध्ये तू म्हणतेस की दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. हे खरं आहे का, की बायकांनी तपासायला जावं म्हणून म्हणता? तिच्या आईलाही होतं म्हणते.

तिनं कुठं जावं तेवढं कळव. बाई भित्री आहे. लवकर कळव.

ताई


वसमत, २५ ऑक्टोबर

सपना,

तुझे फोन मी उचलले नाहीत. सतरांदा वाजवलास तरी उचलणार नव्हते. तुझा आवाज ऐकला असता तर दुकानात गिऱ्हाईकांसमोर ढसाढसा रडले असते. तू ओळखलंस. ती बाई मीच आहे.

कसं सापडलं ते ऐक. चुका काढायला तुझं ॲप इतक्यांदा ऐकलं की मला ते पाठ झालं. मशीन चालवताना, भाकरी थापताना तुझंच चालू. "तीन बोटं जुळवा. गोल गोल फिरवा. वरून खाली, मग काखेपर्यंत." आंघोळीला बसले, साबण लावला, आणि हात आपल्याआप तसा फिरला. तुझी नक्कल करत होते मी, तोंड वाकडं करून. काखेपाशी बोटं थांबली. तोंडही तसंच राहिलं.

तुझ्यावर प्रेम होतं म्हणून मी ॲप ऐकलं असं समजू नकोस. जळत होते म्हणून ऐकलं. प्रेमानं एकदा ऐकलं असतं, वा वा म्हणून बंद केलं असतं.

भीमराजला सांगितलं नाही. तो हात धुता धुता काहीतरी बोलेल आणि मग रात्रभर छताकडं बघत बसेल, मला माहीत आहे तो कसा आहे. प्रतिक्षाची फेब्रुवारीत बारावी आहे. तिला सांगितलं तर पोरगी पुस्तक मिटून माझ्या उशाशी बसेल. घरात कुणालाच सांगावंसं वाटेना. पेन घेतलं तर हात तुझ्याकडंच निघाला.

आणि "प्रिय सपना" लिहून खोडलं तेव्हा एकदम कळलं, माय तुलाच काहून बोलली. तू जास्त लाडकी होतीस म्हणून नाही. घरातल्या माणसाला सांगितलं की घर त्याच दिवशी आजारी पडतं. लांबच्या माणसाला सांगितलं की चूल तशीच पेटते, पोरं तशीच जेवतात, आणि तरी आपण एकटं राहत नाही. विहारातून आल्यापासून मी समजत होते की तिनं तुला काहीतरी दिलं. तिनं तुझ्यावर ओझं टाकलं होतं गं. सोळा वर्षांच्या पाठीवर. मी चाळीस वर्षांची बाई, आणि माझ्या बोटांना थोडे दिवसही ते पेलेना.

मला भीती वाटते, सपना. तो वास मला माहीत आहे.

तू ये. फोन करून येऊ नकोस, सरळ ये.

ताई


वसमत, १५ डिसेंबर

सपना,

तू परत तुझ्या घरी हिंगोलीला गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. तोंडावर बोलायचं राहिलं ते लिहिते. हात अजून वर जात नाही, डावा. उजव्यानं लिहायला काय लागतं.

नांदेडला तू माझ्यासोबत होतीस, सुईनं तपासणी केली तेव्हा तू बाहेर होतीस, आणि रिपोर्ट हातात आला तेव्हा आपण दोघी जिन्यात बसलो होतो. तो जिना मला आयुष्यभर दिसत राहील. डॉक्टर म्हणाले, "आहे, पण लहान आहे. लवकर आलात." तू नाक ओढलंस. मी तुझ्या डोक्यात टपली मारली, आठवतं? मला म्हणायचं होतं की अठरा वर्षांपूर्वी हे वाक्य आपण मायसाठी ऐकायला पाहिजे होतं. त्याऐवजी टपली.

आणि त्या दवाखान्यातली सिस्टर! "त्या ॲपवाल्या मॅडम तुम्हीच ना? आवाजावरून ओळखलं!" मी खाटेवर पडलेली, नाकात औषधाचा वास, छातीला चिरा, आणि लोक तुझ्यासोबत फोटो काढून राहिले. मला वाटलं, आता ऑपरेशनही हिचंच झालं असं म्हणतील. मग तिनं विचारलं, "आणि या कोण?" तू म्हणालीस, "ही माझी ताई." तू नुसतं ताई म्हणाली नाहीस, "माझी" म्हणालीस. मी तोंड भिंतीकडं केलं ते दुखतंय म्हणून नव्हतं.

मायची गोष्ट फोनमध्ये राहू दे. फक्त "कुणालाच बोलली नाही" एवढं बदल. बोलली होती, आणि जिला बोलली ती लेकरू होती, हे सांग. ऐकणाऱ्या बायांना कळेल, सांगायचं तर अशा कुणाला सांगा की जी उठून बस गाठू शकेल.

आता प्रतिक्षाचं. तू म्हणाली होतीस, परीक्षा होईपर्यंत तिला खरं नाव सांगू नको, साधी गाठ काढली म्हण. मी हो म्हटलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू औषधं आणायला गेलीस तेव्हा मी तिला सांगून टाकलं. तुला ते नंतर कळलं आणि तू चिडलीस. का सांगितलं ते तेव्हा बोलता आलं नाही.

ती माझे केस विंचरत होती. म्हणाली, "आई, साध्या गाठीला एवढा मोठा दवाखाना लागतो का?" मी म्हटलं, "साधी नाही. तुझ्या आजीला होती तीच आहे. लहान आहे, डॉक्टर म्हणतात काढली की पुढची औषधं घेऊन बरं वाटतं." तिचा कंगवा केसातच थांबला. मला वाटलं आता रडेल, पुस्तक फेकेल, जेवण सोडेल. म्हणजे मायला माझ्याबद्दल जे वाटलं होतं ते सगळं मला तिच्याबद्दल वाटलं.

ती काय म्हणाली माहीत आहे? "मावशीला कधी सांगितलंस?"

मी म्हटलं, "दिवाळीच्या आधी."

"मावशीला आधी? मी घरात होते, आई. मी रोज तुझ्या शेजारी झोपते."

तिचं तोंड लालबुंद झालं होतं. मी ते तोंड ओळखलं. आरशात रोज बघते. सपना, मला हसूच आलं. टाके पडायच्या आधीचं माझं शेवटचं मोकळं हसणं ते. मी हसते बघून ती अजून चिडली, मग माझ्या गळ्यात पडून रडली, मग म्हणाली, "आता सगळ्या तारखा मला सांगायच्या. मला आधी." रात्री तिथंच खाली चटईवर बसून तिनं रसायनशास्त्र वाचलं. जेवली पण. दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

म्हणून सांगितलं मी तिला. ती काही माझ्यासारखी पोटुशी नव्हती, फक्त परीक्षा होती. आणि मला ती वीस वर्षांनी कुठल्या तरी विहारात चपलांच्या ढिगापाशी बसायला नको होती.

भीमराज आता भाकरी करतो. वेड्यावाकड्या होतात. पार्वतीबाई आल्या होत्या. कापायला दिलेलं कापड परत नेत नाही म्हणाल्या, तुमचा हात वर जाईल तेव्हा शिवा. तपासून आल्या त्या, काही नाही निघालं. जाताना तुझी चौकशी करत होत्या. माझ्यापेक्षा तुझीच जास्त केली. केली तर केली.

पुढल्या सोमवारी केमोची पहिली सलाईन आहे. तू ये. पण ऐक, डॉक्टरांच्या खोलीत माझ्यासोबत प्रतिक्षा येणार आहे, तिनं तसं बजावलंय. आत एकालाच सोडतात. तू बाहेर बाकावर बस आणि थोडी जळ. मला बरं वाटेल.

तुझी ताई
पंचशीला